राखून ठेवलेला शब्द

पाण्यात उतरलेल्या माणसाचा झगा वर तरंगतो, हे पाळकांना त्यांच्या शिक्षणात कुणी सांगत नाही. त्या ख्रिस्ती मंडळीला हे कळायला किराणा दुकानदाराची फजिती व्हावी लागली. दुकानदार अंगानं चांगलाच भरलेला, झगा पातळ कापडाचा, आणि प्रार्थनागृहात पुढच्या फळ्या उचलल्या की खाली जो बाप्तिस्म्याचा हौद होता, तो छातीइतका खोल. दुकानदार मोठ्या भक्तिभावानं पायऱ्या उतरला आणि झग्यात हवा शिरून तो छत्रीसारखा उघडला. आधी गुडघे दिसले, मग जे दिसायला नको तेही दिसायला लागलं. बायका एकदम छताकडे बघायला लागल्या, पोरं खिदळली. म्हातारे पाळक एका हातानं झगा खाली दाबतायत आणि दुसऱ्या हातानं दुकानदाराला बुडवतायत, असा तो पवित्र विधी कसाबसा उरकला.

शेवटच्या बाकावरची एक बाई मात्र हसली नाही. कपडे शिवायचा तिचा धंदा. सोमवारी सकाळी ती पाळकांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कापड चुकलंय, घेर चुकलाय आणि खाली वजनच नाही. पुढच्या वेळी माझ्याकडे द्या."

तेव्हापासून तीस वर्षं मंडळीतला बाप्तिस्म्याचा प्रत्येक झगा तिनंच शिवला. ज्याचा झगा त्यानं जन्मभर जपून ठेवायचा, अशी तिथली रीत, त्यामुळे दर माणशी नवा झगा लागायचा. कापड जाड सुती, भिजलं तरी अंगाला न चिकटणारं. खालच्या दुमडीत शिशाच्या गोळ्या, मासे धरायच्या जाळ्याला लावतात तसल्या. सडपातळ माणसाला आठ, भरलेल्याला बारा. त्यानंतर कुणाचा झगा बोटभरसुद्धा वर आला नाही. बाईच्या गळ्यात टेप कायम लोंबत असायची, उपासनेलासुद्धा काढायची विसरून यायची, म्हणून लहानथोर सगळे तिला टेपकाकू म्हणायचे. तोंडाची फटकळ, पण हाताची सोन्यासारखी. "श्वास ओढून पोट आत घेऊ नकोस," ती माप घेताना दटावायची, "देवाला ठाऊक आहे तुझं पोट केवढं ते."

आणि आता गंमत ऐका. एवढ्यांना पाण्यात पाठवणारी ही बाई स्वतः मात्र कोरडीच.

तीन पाळक बदलले. तिघांनीही तिला विचारलं. पहिल्याला म्हणाली, पाण्यानं माझे सांधे धरतात. दुसऱ्याला म्हणाली, सध्या गिऱ्हाइकांची घाई आहे, आणि ही घाई अकरा वर्षं टिकली. तिसरे पाळक तरुण होते, त्यांना तिनं उत्तरच दिलं नाही, दारात उभे राहिले तर त्यांच्या कोटाची उसवलेली बाही शिवून हातात दिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती हसायची. पण एक गोष्ट त्यांच्याही लक्षात आली नव्हती. दर रविवारी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणत. तिच्या पहिल्या ओळीत देवाला बाप म्हणून हाक आहे. टेपकाकू तेवढी ओळ ओठ मिटून उभी राहायची आणि दुसऱ्या ओळीपासून सूर धरायची. इतकी वर्षं.

का, ते आता सांगायलाच हवं.

बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं ते एका कुलपं दुरुस्त करणाऱ्याशी. पहिली बायको तापानं गेलेली, घरात पाच वर्षांचा मुलगा. माणूस भला, अबोल. पुढच्या खोलीत दुकान, भिंतभर किल्ल्या टांगलेल्या, मागच्या खोलीत संसार. लग्नाच्या चौथ्या दिवशी ती जमिनीवर बसून कापड कापत होती. मुलगा आला. हातात शर्टाचं तुटलेलं बटण. म्हणाला, "आई, हे लावून दे ना."

तिनं कात्री खाली ठेवली. म्हणाली, "हे बघ, मी तुझी आई नाही. मला मावशी म्हणायचं. कळलं?"

"कळलं," तो म्हणाला.

बटण तिनं लगेच लावून दिलं. वाईट नव्हती हो ती, खरंच नव्हती. फक्त तिच्या मनात एक हट्ट होता. तो शब्द पहिल्यांदा ऐकायचा तो आपल्या पोटच्या पोराच्या तोंडून. चांगलं कापड बायका ट्रंकेत तळाशी घालून ठेवतात ना, पुढं कधीतरी लागेल म्हणून, तसा तिनं तो शब्द राखून ठेवला. आणि पोटचं पोर काही आलं नाही. एक वर्ष गेलं, तीन गेली, दहा गेली, डॉक्टर झाले, औषधं झाली. ट्रंक तशीच बंद राहिली.

तोवर तिला त्या मुलाचा लळा लागला होता, चांगला जिवापाड. पण आता कोणत्या तोंडानं सांगायचं, की बाबा रे, म्हण मला आई, दुसरं कुणी म्हणणारं येत नाही म्हणून म्हण? आणि मुलगा असा शब्दाचा पक्का, की विचारू नका. नऊ वर्षांचा असताना त्याला टायफॉइड झाला. अकरा दिवस ती उशाशी बसून होती, कपाळावर ओल्या पट्ट्या बदलत. बरळताना माणूस काहीही बोलतो. हा बरळतानासुद्धा "मावशी, पाणी" म्हणाला. तापातही पोर चुकलं नाही. तिनं पाणी पाजलं आणि न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडली.

मुलगा मोठा झाला, लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामाला लागला, त्याचं लग्न झालं, बाप वारला. वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको, खाली किल्ल्यांच्या जुन्या दुकानात टेपकाकूचं शिवणयंत्र. नात जन्मली, बोलायला लागली आणि कुणाची परवानगी न घेता "आजी" म्हणाली. मुलगा मात्र "मावशी, अहो जेवलात का?" असं विचारायचा. रोज विचारायचा, न चुकता.

देवाधर्माचं त्याला वावडं. रविवारी तो तिला स्कूटरवरून प्रार्थनागृहाच्या दाराशी सोडायचा आणि निघून जायचा. दोन वर्षांपूर्वी एकदा स्कूटर बंद पडली म्हणून आत येऊन बसला. पुढच्या रविवारी स्कूटर ठणठणीत होती, तरी बसला. आणि एका संध्याकाळी, हाताला ग्रीसचा वास तसाच, तो खाली आला आणि म्हणाला, "मावशी, माझा झगा शिवायचाय. पुढच्या महिन्यात पाण्यात उतरतोय मी."

तिला आनंद झाला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. काही बोलायला नको म्हणून ती कापडाचा गठ्ठा उचलायला वळली.

"टेप काढा की," तो हात पसरून उभा राहिला.

"तुझं माप काय घ्यायचं? घरचाच तू. माझ्या डोळ्यांत आहे तुझं माप."

आठवडाभरात झगा तयार. शनिवारी दुपारी त्यानं तो डोक्यातून घातला आणि मध्येच अडकला. ओढूनताणून खाली आणला तर मनगटं चार बोटं बाहेर, छातीला पाचर मारल्यासारखा घट्ट. हात वर करायला गेला आणि काखेपाशी मुंढ्यात शिवण टरकन उसवली.

"अहो मावशी," तो पोट धरून हसायला लागला, "हा शिवलाय कुणाचा? मी सोळा वर्षांचा होतो तेव्हाचा?"

तीस वर्षांत टेपकाकूचा एक झगा चुकला नव्हता. ती जागच्या जागी उभी राहिली. कुठं चुकलं ते तिला लगेच कळलं, कारागीर होती ती. या मुलाच्या अंगाला तिनं आयुष्यात एकदाही टेप लावली नव्हती. लहानपणी त्याचा जुना शर्ट टेबलावर पसरायची आणि त्यावरून नवा कापायची, दोन बोटं वाढवून. सोळाव्या वर्षानंतर तो तयार कपडे घ्यायला लागला. अंगावरून माप घ्यायचं तर माणसाला जवळ घ्यावं लागतं. तेवढंच तिनं टाळलं होतं.

ती मटकन खाली बसली, कातरणांच्या ढिगाशेजारी, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"अहो, झगाच आहे! उसवा आणि दुसरा शिवा," तो घाबरून म्हणाला. मग तोही शेजारी बसला, त्या तंग झग्यात, हात धड वाकवता येईनात अशा अवस्थेत.

"मी तुझ्यावर अन्याय केलाय," ती म्हणाली. "पाप केलंय मी. तू पाच वर्षांचा होतास आणि मी तुला..."

"बटणाच्या वेळचं?"

तिनं मान वर केली. "तुला आठवतं?"

"निळं बटण होतं."

"इतकी वर्षं काही बोलला नाहीस?"

तो फाटलेल्या शिवणीतला एक दोरा ओढत म्हणाला, "मी जिला आई म्हणायचो, ती मेली. मग तुम्ही आलात आणि चौथ्याच दिवशी म्हणालात, मला आई म्हणायचं नाही. मी म्हटलं, हां, हिला ठाऊक असणार. आई म्हटलं की माणूस मरतं. म्हणून मी जपलं तुम्हाला. शाळेतून येताना वाटेत मावशी, मावशी असं घोकत यायचो, चुकून दुसरं काही तोंडातून निघू नये म्हणून."

"आणि त्या तापात?"

"तापात तर लई भीती वाटायची. तुम्ही उशाशी बसलेल्या, हलतच नव्हतात. म्हटलं, आता तोंडातून शब्द निघाला की ही गेली."

टेपकाकूनं शब्द हिसकावून घेतला होता आणि पाच वर्षांच्या पोरानं त्याचीच पहारेदारी केली होती, तिचा जीव वाचावा म्हणून. ती मोठ्यानं रडली, लहान मुलासारखी, नाक वाहेपर्यंत. त्यानं हाताशी आलेलं कातरण तिला नाक पुसायला दिलं.

"मला माफ कर रे," ती म्हणाली.

"केलं. कधीचंच केलंय. तुम्ही मागत नव्हतात, म्हणून द्यायचं राहिलं." मग म्हणाला, "पण खोटं नाही बोलणार. आता मोठा झालो, सगळं कळतं, तरी तो शब्द म्हणायला जीभ वळत नाही. एकेचाळीस वर्षांची सवय आहे."

"नको वळू दे. मी कुठं मागतेय?"

"आणि दुसरं. मी भोळा होतो म्हणून तुमचं पाप काही धुतलं गेलं नाही. ते धुणारा वेगळा आहे. तीस वर्षं त्याच्या हौदाशी कपडे पुरवताय आणि त्याला भेटत नाही, याला काय अर्थ?"

तिनं डोळे पुसले, उठली आणि म्हणाली, "उभा राहा सरळ." गळ्यातली टेप काढली. छातीचं माप घ्यायचं म्हणजे टेप पाठीमागून फिरवून आणावी लागते. तिचे हात त्याच्या पाठीमागे गेले ते तिथेच राहिले. एरवी छातीच्या मापाला तिला अर्धं मिनिट लागायचं. त्या दिवशी बराच वेळ लागला, आणि आकडा तरीही नीट वाचता आला नाही.

"मग हा झगा वाया गेला का?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"गेला."

"वाया कशाला? तुमच्या मापाचा आहे की."

"चल, ऊठ, चावटपणा करू नकोस," ती म्हणाली. पण झगा तिनं फेकला नाही.

सोमवारी ती तरुण पाळकांच्या घरी गेली. ते वयानं तिच्या मुलाहून लहान, बायको कामावर गेलेली, आणि ते स्वयंपाकघरात भांडी घासत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बटण, ट्रंक, ताप, सगळं.

पाळकांनी हात पुसले. "काकू, ते पापच होतं. त्याला दुसरं सौम्य नाव शोधू नका."

तिला बरं वाटलं. ते "जाऊ द्या हो, तुम्ही तेव्हा लहान होतात" असं म्हणाले नाहीत, याचंच बरं वाटलं.

"मग मला सांगा," ती म्हणाली, "ज्या बाईनं एका पोराला आई म्हणू दिलं नाही, तिनं देवाला बाप कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि त्यानं तरी का म्हणू द्यावं?"

"कारण तो तुमच्यासारखा नाही, काकू."

हे बोलल्यावर पाळक स्वतःच ओशाळले. पण ती हसली, आणि त्यांना धीर आला. "तुम्ही तो शब्द पोटच्या पोरासाठी राखून ठेवलात. पोर आलं नाही. देवाचं उलट आहे. त्याला स्वतःचा पुत्र होता, एकुलता एक, लाडका. तरी तो शब्द त्यानं एकट्यासाठी राखून ठेवला नाही. परक्यांना दिला. त्यापायी पुत्र द्यावा लागला, तो दिला."

टेपकाकू ओट्याला टेकून उभी राहिली. नळ ठिबकत होता.

"पण आता या वयात?" ती शेवटी म्हणाली. "त्रेसष्टाव्या वर्षी कसला आलाय नवा जन्म? आधी मी थोडी सुधारते, मग बघू."

"नोकरीला अर्ज करावा लागतो. जन्माला यायला कुणी अर्ज करतं का? पोर जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर कपडासुद्धा नसतो, लायकी कुठून आणणार? लेकरू आधी होतं माणूस, काकू. शहाणपण मग शिकतं, ज्याचं लेकरू आहे त्याच्या घरात राहून."

"बोलायला हुशार आहात," ती म्हणाली, आणि जाता जाता दारातून वळून, "हौदाचं पाणी कोमट करता ना? सांधे खरंच धरतात माझे."

उसवलेला मुंढा तिनं शिवला, बाह्या आखूड केल्या, दुमडीत आठ गोळ्या घातल्या. मुलाचा नवा झगा बेचाळीस छातीचा झाला, अगदी बेतशीर.

बाप्तिस्म्याच्या रविवारी प्रार्थनागृह भरलं होतं. टेपकाकू पाण्यात उतरणार ही बातमी वाऱ्यासारखी पसरली होती. म्हातारा झालेला किराणा दुकानदार पहिल्या बाकावर येऊन बसला होता, आता हिचा झगा तरंगतो का बघू, असं म्हणत. झगा तरंगला नाही. ती एकेक पायरी उतरली. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. मुलगा काठावर त्याच्या पाळीची वाट बघत उभा. पाळकांनी तिला विचारलं ते सगळ्यांनी ऐकलं, की पापाचा पश्चात्ताप झाला आहे का, आणि तारणाऱ्यावर विश्वास आहे का. "झाला आहे. आहे," ती म्हणाली. मग त्यांनी तिला पाठीला हात देऊन मागे झुकवलं, पाणी डोक्यावरून गेलं आणि ती वर आली, केस कपाळाला चिकटलेले, तोंडानं श्वास ओढत. डोळे उघडायच्या आधी तिनं एकच शब्द उच्चारला. लोकांचं गाणं सुरू झालं होतं, त्यामुळे तो फक्त पाळकांनी ऐकला. बापा, म्हणाली ती. आणि पाळकांना, जे रोज दहादा तो शब्द म्हणत, त्यांना हुंदका आवरला नाही.

तिच्यामागून मुलगा उतरला आणि वर आला.

प्रार्थनागृहाच्या मागच्या खोलीत कपडे बदलायला मधोमध पडदा लावलेला होता, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. टॉवेल पुरवायचं कामही तिचंच, आणि त्या दिवशीच्या गोंधळात तिनं सगळे टॉवेल बायकांच्याच बाजूला आणून ठेवले होते. सून तिच्या केसांचं पाणी निपटत होती. पलीकडून खुर्च्या सरकवल्याचा, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि मग तो ओरडला.

"आई, टॉवेल कुठं ठेवलास?"

सुनेचा हात थांबला. पलीकडे त्याला पत्ताही नव्हता काय बोललो त्याचा, तो कपाटाची दारं आपटत होता. सून उत्तर द्यायला गेली, तर टेपकाकूनं पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"अगं आई! ऐकतेस का? गारठलो ना मी इथं!"

टॉवेल तिच्या हातातच होता, पडदा दोन पावलांवर होता. तिच्या डोळ्यांतलं पाणी आणि केसांतलं पाणी एक होऊन हनुवटीवरून टपटपत होतं, आणि ती लबाड बाई सुनेच्या तोंडावरचा हात न काढता, हू की चू न करता, त्याच्या तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली.